घरातल्या बुरशीमुळे होणाऱ्या त्रासावर निसर्गोपचाराने फरक पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला भाड्याचा फ्लॅट, बेडरूमच्या भिंतीला काळी बुरशी, पावसाळा लागल्यापासून शिंका आणि खोकला, आणि कुणीतरी शरीरातलं 'बुरशीचं विष' काढायला डिटॉक्स कोर्स सांगितलाय. तो करावा का?

मी डॉक्टर नाही. दमेकरी आहे, राहतो गच्चीखालच्या मजल्यावर, त्यामुळे ओल आणि मी यांचा संबंध जुना आहे. माझं मत विचाराल तर कोर्सचे पैसे आधी भिंतीवर खर्च करा.

निसर्गोपचाराला मी नावं ठेवत नाही. पुण्यात ते शक्यही नाही! ताडीवाला रोडवर डॉ. दिनशा मेहतांच्या चिकित्सालयात गांधीजी राहायचे, तिथेच आज राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम १९४६ चा. पण त्या परंपरेत औषध म्हणजे हवा, ऊन, पाणी आणि साधा आहार. ओल्या खोलीत झोपून वरून काढे पिणं त्यात कुठेच बसत नाही.

ओल आणि बुरशीचा दमा, ॲलर्जी, श्वसनाच्या तक्रारींशी संबंध आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत मांडलंय. म्हणजे त्रास खरा आहे. 'विष साठलंय' हे मात्र वेगळं प्रकरण. त्यासाठी लघवीची महागडी तपासणी करायला सांगतात. पण बुरशीची विषं शेंगदाणे, मका अशा खाण्यातूनही पोटात जातात आणि धडधाकट माणसाच्या लघवीतही सापडतात. त्यावरून आजार ठरवता येत नाही. डिटॉक्समध्ये प्यायला देतात तो कोळसा (ॲक्टिव्हेटेड चारकोल) तर थायरॉइडच्या किंवा बीपीच्या गोळ्यासुद्धा शोषून घेऊ शकतो. मधुमेह असेल तर उपवास मनाने करूच नका.

जलनेती (नाकपुडीतून पाणी सोडून नाक धुणं) मी करतो, नाक मोकळं होतं. पाणी उकळून गार केलेलंच घ्यायचं, थेट नळाचं कधीच नाही, आणि त्यात मीठ हवंच. प्राणायाम जमेल तेवढा. धूप, लोबान, कडुनिंबाची धुरी बंद. बुरशी त्याने हटत नाही, छातीला मात्र धूर लागतो. आणि इन्हेलर चालू असेल तर कुणाच्याही सांगण्यावरून तो सोडू नका. रात्री धाप लागत असेल, छातीत शिट्टी वाजत असेल, तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि घरात बुरशी आहे हे आवर्जून सांगा.

आता भिंत. पाणी कुठून येतंय ते शोधा: गच्ची, वरच्यांचं बाथरूम की खिडकीची फट. डाग साबणाच्या पाण्याने पुसा (मास्क लावून, आणि हे काम तुम्ही न करता घरात ज्याला त्रास नाही त्याने केलेलं बरं), भिंत पूर्ण सुकू द्या. ओलीवर पुट्टी-रंग मारला की पुढच्या पावसाळ्यात पोपडे येतात. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, कपडे बेडरूममध्ये वाळत घालू नका. खोलीतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली ठेवायची, ती मोजायचं छोटं मीटर ऑनलाइन मिळतं.

घरमालकाला तारखेसह फोटो आजच पाठवा आणि सोसायटीलाही लेखी कळवा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग एप्रिल-मेमध्ये होतं. जूनमध्ये विचारायला गेलात तर दिवाळीनंतर बघू म्हणतात.