सासूबाईंना केंद्रात ठेवायचं का? आमच्या घरचं सांगते

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाईंना अल्झायमर होऊन चार वर्षं झाली, आता रात्री कडी काढून बाहेर पडतात आणि अशा पेशंटना ठेवून सांभाळणाऱ्या केंद्राचं नाव काढलं की मिस्टर म्हणतात लोक काय म्हणतील. आम्ही पण सांगलीचेच, माझे सासरे पाच वर्षं घरी होते नि शेवटची दोन वर्षं केंद्रात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे बघा, रात्रीचा त्रास हळूहळू वाढलाय का दोन-चार दिवसांत एकदम? एकदम असेल तर लघवी तपासून घ्या. म्हाताऱ्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं तर ताप नसतानाही डोकं पार भरकटतं, पोट साफ नसलं किंवा नवी गोळी सुरू झाली तरी होतं, आणि उपचार केले की बऱ्याचदा उतरतं.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. पहाटे तीनला टोपी घालून सौद्याला निघायचे, एकदा ऐन पावसाळ्यात अनवाणी आयर्विन पुलावर सापडले, खाली कृष्णेला पाणी चढलेलं. आम्ही इतके घाबरलो की घाईत जे पहिलं केंद्र मिळालं तिथं ठेवलं, तीच चूक झाली. दिवसा सगळं छान, पण रात्री वीस जणांना एकच मावशी आणि अण्णा दिवसभर गुंगीत. तीन आठवड्यांत परत आणलं. म्हणून सांगते, ठेवायचं ठरलं नसलं तरी बघायला आत्ताच लागा, आणि संध्याकाळी पाच ते सातला जा, या आजारात दिवस कलला की घालमेल वाढते, तेव्हा तिथली माणसं कशी वागतात ते कळतं. रात्री किती जण असतात, बांधून ठेवतात का, झोपेची गोळी कोण ठरवतं, डायपरचे पैसे वेगळे का, हे विचारा. आणि अंथरुणाला खिळल्यावरही ठेवून घेता का, हे तर विचाराच, आम्हाला पहिल्यांदा सुचलंच नव्हतं.

दुसरं केंद्र मिरजेच्या बाजूला मिळालं. पुण्यात सोयी जास्त, पण जवळ असल्यामुळं आठवड्यातनं तीनदा जाता यायचं आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. तिथं मी दोन पानं लिहून दिली, चहा बशीतनं लागतो, उजव्या कानानं कमी ऐकू येतं, हाक ‘दिवाणजी’ अशी मारा. सोबत कोऱ्या खतावण्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या, दिल्या. पहाटे उठले की तिथली मुलगी खतावणी पुढ्यात ठेवायची, “दिवाणजी, शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या करायच्यात.” बेरीज कधी जुळली नाही, पण दाराकडं जाणं थांबलं.

सासूबाईंना सही येतेय आणि कळतंय तोवर बँकेचं मार्गी लावा. मुखत्यारपत्रावर विसंबू नका, माणसाची समज गेली की कायद्यानं ते संपतं, मग पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं.

मिस्टरांना आठ दिवस आईंच्या खोलीत झोपू दे. भांडून नाही, नीट सांगून. आमच्या ह्यांना पाचव्या रात्री कळलं. लोक बोलले, आत्याबाईंनी दोन महिने फोन केला नाही, पण नंतर त्याच डबा घेऊन अण्णांना भेटायला यायला लागल्या.

‘मला घरी ने’ म्हणतील तेव्हा पोटात तुटतं, खरंय. पण अण्णा आमच्या सोप्यात बसूनही तेच म्हणायचे, त्यांचं घर म्हणजे तासगावकडचा लहानपणचा वाडा आणि तो पडून तीस वर्षं झाली होती.

सासूबाई आधी काय करायच्या, शिवण, भजन, शेत, काय असेल ते इथं लिहा, ती दोन पानं आपण मिळून तयार करू.