नागपुरातील महाल भागातला जुना वाडा कोणत्या काळातला आहे, हे कसे ओळखावे?

दर्शनी भागावरून ठरवू नये. तो मालकांनी वेळोवेळी बदललेला असतो. परवानगी घेऊन मधल्या चौकापर्यंत जावे. भोसल्यांच्या राजवटीतल्या, म्हणजे १८५४ पूर्वीच्या वाड्यात साधारणपणे काळ्या दगडाचे जोते (घराखालचा चौथरा) आणि सागवानी खांब आढळतात, आणि प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर, उभा असतो, ज्यामुळे जमिनीतली ओल लाकडात चढत नाही. खांब आणि त्यावरची आडवी तुळई यांचा सांधा निव्वळ लाकडी खुंट्यांवर बसवलेला असेल तर ते काम बहुधा मूळचेच. बोल्ट दिसले तर दुरुस्ती नंतरची समजावी. १८६७ साली रेल्वे आल्यावर लोखंडी गर्डर, ओतीव कठडे आणि पुढे मंगलोरी कौले इथल्या बांधकामात रुळली. त्यामुळे एकाच वाड्यात दोन काळ सहज सापडतात, आणि माझ्या मते अशा वाड्याला सरसकट एकच वय चिकटवणे चुकीचे आहे.