‘गणपतीनंतर बघूया’

देवगड तालुक्यातल्या एका बागायतदारांचं पत्र 4 जुलै 2025 ला मिळालं. मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झालेली. परदेशात नोकरीसाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा हवी म्हणून कुडाळच्या एका क्लासला बारा आठवड्यांचे 68,000 रुपये एकरकमी भरले. पाच आठवडे शिकवलं आणि 27 जून 2023 ला शाखेला कुलूप. उरलेलं ऑनलाइन करा म्हणाले, पण यांच्या घरी फोनला रेंज नाही. पैसे मागितले तर 11 ऑगस्ट 2023 ला मुंबईच्या मुख्य कार्यालयाचा ई-मेल: ‘एकदा भरलेली फी परत मिळणार नाही, पावती पाहावी.’

अशी पत्रं मला चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतून येतात आणि सगळेच पावतीवरच्या त्या ओळीला घाबरलेले असतात. ती ओळ सोडा. न शिकवलेल्या सात आठवड्यांचे पैसे तेवढ्यावर दाबून ठेवणं ग्राहक आयोगात सहसा टिकत नाही. पावतीवरची ‘वाद फक्त मुंबईत’ ही ओळही तशीच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

तुमचं घोडं अडलंय ते तारखेवर. कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. आयईएलटीएसचा निकालही दोनच वर्षं चालतो, मुलीला विचारा, तिला पाठ असेल. वडिलांनी मात्र आंब्याचे दोन हंगाम जाऊ दिले!

कारण घडलं कधी? समोरचा वकील म्हणणार, शाखा बंद झाली त्या दिवशी. तसं धरलं तर मुदत 27 जूनला संपली आणि तुमचं पत्र बरोबर एक आठवडा उशिरा आलं. आपण म्हणायचं, पैसे द्यायला नकार मिळाला तेव्हा. मग 11 ऑगस्टपर्यंत वेळ आहे. आयोग कोणतं मानेल याची हमी मी देणार नाही. म्हणून तक्रार जुलै संपायच्या आत दाखल करा आणि सोबत विलंबमाफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह जोडाच. त्यात हंगामाचं कारण लिहू नका, त्यावर कुणी माफी देईल असं मला वाटत नाही. पत्नीच्या कोल्हापुरातल्या ऑपरेशनचा उल्लेख तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता केलाय. तो अर्जात पहिल्या परिच्छेदात हवा, डिस्चार्ज कार्डासकट.

शाखाप्रमुखांचा ‘गणपतीनंतर बघूया’ हा व्हॉट्सअॅप मेसेज जपून ठेवलात, चांगलं केलंत. पण त्यानं मुदत वाढली या भ्रमात राहू नका. त्यात पैसे देणं लागतो असं कुठेच म्हटलेलं नाही. आणि गणपती तरी कुठला, तेव्हापासून दोन येऊन गेले. वकिलाची नोटीस पाठवूनही मुदत थांबत नाही. नोटीस पाठवून उत्तराची वाट बघत बसलेले अशील मी पुष्कळ पाहिलेत.

तक्रारीत ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ एवढंच म्हणा. उत्साहाच्या भरात ‘अनुचित करार’ लिहिलंत तर ती तक्रार जिल्ह्यात चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. शिक्षण ही ‘सेवा’च नाही असा बचाव येईल. शाळा-कॉलेजांबाबत तो वाद आहेच, पण खासगी क्लास त्यात मोडत नाहीत असं राष्ट्रीय आयोगानं जानेवारी 2020 मध्ये मनू सोळंकी प्रकरणात म्हटलं. तो निकाल जोडा. पैसे तुमचे, शिकणारी मुलगी, तेव्हा दोघांचीही नावं तक्रारदार म्हणून घाला. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करता येईल, रेंजसाठी एक दिवस देवगडला जावं लागलं तरी जा.

निकाल कधी? कायद्यात तीन महिने लिहिलंय. मी ते अशिलांना सांगणं सोडून दिलंय.

एक राहिलं. पावतीचा जो फोटो पाठवलात तो थर्मल कागदाचा आहे. 68 च्या पुढची शून्यं आत्ताच पुसट झालीत. आज संध्याकाळपर्यंत तिच्या दोन झेरॉक्स काढा आणि बँकेतून त्या दिवसाच्या नोंदीचा शिक्का मारलेला उतारा घ्या.