मुलगी तिसरीत आहे, शाळेत शोध-स्पर्धा आहे. नाशिकमध्ये तयार मॉडेल कुठे मिळेल आणि किती खर्च येईल?

एमजी रोडला सेन्सर, मोटर, वायरी सगळं सुटं मिळतं. पूर्ण मॉडेल जोडून देणारेही नाशकात आहेत, मला माहीत आहेत. पण नाव-पत्ता देणार नाही. स्पर्धा तिसरीतल्या पोरीची आहे ना? मग खरेदीला तुम्ही का निघालात?

राग मानू नका. हा विषय निघाला की माझं डोकं फिरतं.

मी अंबड एमआयडीसीत टूलरूमला फिटर आहे. घरात हॅकसॉ, ड्रिल, व्हर्नियर कायम पडलेलं. त्यामुळे मुलगी चौथीत असताना शाळेने अशीच स्पर्धा ठेवली, तेव्हा नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं की हिचा बाप आहे म्हटल्यावर हिचा नंबर पक्का. मी बायकोला सांगितलं, करवत चालवायची तेवढी मी चालवीन, बाकी हात लावणार नाही.

दिवाळीत आम्ही निफाडकडे गावी होतो. साठवणीच्या चाळीतला उन्हाळ कांदा बाजारात न्यायचा म्हणून आई निवडायला बसली होती. गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, मध्यम वेगळा, मोठा वेगळा. एकत्र नेला तर व्यापारी सगळ्या ढिगाला गोल्टीकडे बघूनच भाव लावतो. दिवसभर उकिडवं बसून आईची कंबर धरली. पोरीने ते बघितलं आणि तिच्या डोक्यात काहीतरी शिरलं. बाथरूमच्या कामातून उरलेले दोन पीव्हीसी पाइप तिने उतरते ठेवले. वरच्या टोकाला जवळजवळ, खाली येताना फाकत जाणारे. वरून कांदा सोडला की तो दोन्ही पाइपांवरून घरंगळत येतो आणि फट त्याच्यापेक्षा मोठी झाली की खाली पडतो. गोल्टी आधी, मग मध्यम, मोठा शेवटी. खाली तीन घमेली.

सांगायला सोपं आहे, पण चालेना. कांद्याची वाळलेली मान फटीत अडकायची. उतार वाढवला तर गोल्टीसुद्धा उड्या मारत थेट खालच्या घमेल्यात. मग वरच्या टोकाखाली विटा घाल, काढ, फट कमी कर, वाढव. पातीची टोकं आईने कात्रीने कापून दिली तेव्हा जरा गाडी पुढे सरकली. हे सगळं पोरीने वहीत लिहून ठेवलं होतं, कुठल्या उताराला किती कांदे चुकीच्या घमेल्यात गेले ते. मी टूलरूममध्ये नवी पोरं येताना बघतो. डिप्लोमा करून आलेली, पण मोजमाप लिहून ठेवायचं कळत नाही.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षकांनी विचारलं, "यात टेक्नॉलॉजी काय आहे?"

ती म्हणाली, "उतार."

परीक्षक हसले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. वही उघडलीसुद्धा नाही.

पहिला नंबर माझ्या साडूंच्या मुलाचा. त्याच शाळेत, पाचवीत. स्मार्ट डस्टबिन. हात जवळ नेला की झाकण उघडतं. सेन्सर कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतो, तो हातावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून बोर्ड अंतर काढतो आणि छोटी मोटर झाकण उचलते. गोष्ट उत्तम आहे, फक्त पोराने केलेली नाही. बक्षीस मिळाल्यावर घरी सगळ्यांना दाखवायला काढलं तर झाकण हलेना. सेल उतरले होते. सेल कुठे बसवलेत हे विजेत्याला माहीत नव्हतं. साडूंनी दुकानदाराला फोन लावला.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात साडूंचं एकच. "स्पर्धेत उतरायचं तर जिंकायला. तू फिटर असून पोरीला पाइप देऊन पाठवलंस, तिचा आत्मविश्वास घालवलास." त्या रात्री ती जेवली नाही हे खरं. पण दोन दिवसांनी लसणाला किती फट लागेल ते मोजत बसली होती. यांच्या पोराचा डस्टबिन त्या दिवसापासून माळ्यावर आहे. मग आत्मविश्वास कुणाचा?

मी साडूंना शंकर आबाजी भिसे सांगून बघितले. १८६७ साली मुंबईत जन्मलेला माणूस, विलायतेतली शोधांची स्पर्धा जिंकला ती किराणा आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्यावर. म्हणजे वाण्याच्या दुकानातली रोजची कटकट. साडू म्हणाले, तो काळ वेगळा होता. बरं, आजचा काळ घ्या. केंद्राची इन्स्पायर मानक योजना सहावीपासून पुढच्या मुलांसाठी आहे. शाळा मुलाची कल्पना पाठवते, ती निवडली गेली तर मॉडेल करायला १० हजार रुपये मुलाच्या खात्यात येतात. सरकारसुद्धा आधी कल्पना बघतं, मग पैसे काढतं. साडूंनी पैसे आधी काढले, कल्पना अजून यायची आहे.

तुमची तिसरीत आहे, त्यामुळे या योजनेची घाई आत्ता नको. तिला "काय शोध लावशील?" असं विचारू नका, मुलं लगेच रोबोट म्हणतात. घरात कुणाला कशाचा वैताग येतो ते बघायला सांगा. पुठ्ठा, सुतळी, बाटल्या द्या. ब्लेड आणि गरम इस्त्री तुमच्याकडे ठेवा. वही मात्र पाहिजेच, आणि ती तिच्या अक्षरात.

एक सांगायला हवं. कांदा-प्रतवारीची यंत्रं बाजारात आधीपासून आहेत, अगदी फाकत जाणाऱ्या रुळांचीसुद्धा. म्हणजे पोरीचा शोध जगाला नवा नव्हता. चौथीत जगाला नवं कुणीच काढत नाही, आणि पेटंटच्या गप्पा मारणाऱ्या पालकांपासून लांब राहा. सेन्सर-मोटर वाईट आहे असंही माझं म्हणणं नाही. दोघं नोकरीला असाल आणि शाळेची चिठ्ठी परवावर आली असेल, तर आणा किट, पण सुटं आणा. वायर चुकीची लागली तरी तिलाच लावू द्या, फक्त सेलवर चालणारं घ्या, घरच्या प्लगला जोडायचं नको. सुटे पार्ट जोडून दिलेल्या मॉडेलपेक्षा स्वस्तच पडतात. खर्चाचं विचारलं होतंत म्हणून सांगितलं.