‘कोल्ड’साठी जपानीत सामुई, त्सुमेताई की सुझुशी?

इंग्रजीतून जपानीत भाषांतर करताना ‘कोल्ड’साठी कोणता शब्द घ्यायचा, हे शब्दकोश पाहूनही ठरत नाही, असं तुम्ही विचारलंय. शब्दकोशाआधी ते वाक्य मराठीत म्हणून बघा. इथे मराठी इंग्रजीपेक्षा खूप जवळची आहे.

‘थंडी वाजतेय’ म्हणजे सामुई: हवा, ऋतू, खोली, सगळ्या अंगाला जाणवणारी थंडी. स्पर्शाला गार ते त्सुमेताई. म्हणून पाणी आणि हात त्सुमेताई. ‘सामुई मिझु’ (पाणी) चूकच. माणसाच्या बाबतीत तर अर्थच पालटतो. ‘सामुई हितो’ म्हणजे थंडी वाजणारा माणूस, ‘त्सुमेताई हितो’ म्हणजे मायेचा ओलावा नसलेला. वाऱ्याला मात्र दोन्ही चालतात.

सगळ्यात जास्त चुका खाण्यापिण्याच्या वाक्यांत होतात. ‘कोल्ड सूप’ मेनूकार्डावर असेल तर मुद्दाम गार वाढायचं सूप, म्हणजे ‘त्सुमेताई सूपु’. तक्रारीत असेल तर गरम होतं ते निवलं, म्हणजे ‘सामेता सूपु’. हे ‘निवणं’ म्हणजे नेमकं सामेरू, आणि इंग्रजी वाक्यात ते दिसतच नाही. आधीची-नंतरची वाक्यं वाचूनच कळतं. फ्रिजमध्ये ठेवून थंडगार केलेली बिअर ‘हिएता बीरु’; हे हिएरू या क्रियापदाचं रूप. लिहिताना जपा: त्सुमेताई, हिएरू, सामेरू या तिन्हींची कांजी (चिनी लिपीतून आलेलं अक्षर) एकच, फरक फक्त पुढच्या हिरागानात (जपानीच्या उच्चारदर्शक अक्षरांत). ‘हिएता’च्या जागी ‘सामेता’ पडलं तर एका अक्षराने चांगली थंड बिअर आधी गरम होती असं होतं.

सुझुशी म्हणजे हवाहवासा गारवा. इथे मात्र मराठी फसवते. महाबळेश्वर ‘थंड हवेचं ठिकाण’ म्हणून पर्यटनाच्या माहितीपत्रकात ‘सामुई’ लिहिलंत, तर जपानी वाचक कुडकुडायची तयारी करेल. तिथे सुझुशीच हवं. उलट, उत्तर जपानमधल्या होक्काइदोला जानेवारीत सुझुशी म्हणू नका.

सर्दीचा ‘कोल्ड’ म्हणजे काझे. वाऱ्यालाही काझेच म्हणतात, उच्चार तोच. पण सर्दी लिहिताना वाऱ्याच्या कांजीपुढे आणखी एक कांजी येते.

तरीही अडलात, तर जपानच्या राष्ट्रीय भाषा संस्थेच्या ‘शोनागोन’ या मोफत शोधसेवेत विशेषण आणि नाम जोडून टाका. तिच्यामागे सुमारे 10 कोटी शब्दांचा लेखनसंग्रह आहे. जोडी जवळजवळ सापडलीच नाही, तर शब्द बदला.