जंक रिमूव्हलच्या धंद्याला किती लिमिटचा विमा घ्यावा? (ओंटारिओला येणाऱ्यासाठी)

पीआर (कॅनडात कायम राहण्याचा परवाना) घेऊन ब्रॅम्प्टनला येताय, पिकअप आणि ट्रेलरवर जंक रिमूव्हल सुरू करायचंय, आणि प्रश्न असा की लायबिलिटीचं (तुमच्या हातून दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणाऱ्या विम्याचं) लिमिट, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त देईल ती रक्कम, 10 लाख डॉलर पुरेल की ब्रोकर उगाच 20 लाख गळ्यात मारतोय. माझं मत विचाराल तर 20 लाखच घ्या.

आपल्याकडे भंगारवाला पैसे देऊन माल नेतो, इथे गिऱ्हाईक तुम्हाला पैसे देऊन माल न्यायला लावतं. मालाला किंमत नाही म्हटल्यावर नवीन माणसाला वाटतं, नुकसान होऊन होणार किती? पण लिमिट सोफ्याच्या किमतीवरून ठरत नाही, तो ज्या इमारतीतून काढायचाय तिच्यावरून ठरतं. टोरांटो-मिसिसागाच्या कॉन्डो टॉवरमध्ये कपाट तिरकं करताना छताच्या स्प्रिंकलरला धक्का लागला, की व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत पाणी मजल्यामागून मजले खाली उतरतं. फ्लोअरिंग गेलं, ड्रायवॉल फुगली, लिफ्ट बंद पडली, काही कुटुंबांना हॉटेलात हलवावं लागलं, की बिल कुठल्या कुठे जातं. म्हणूनच बऱ्याच इमारतींची मॅनेजमेंट 20 लाखांचं सर्टिफिकेट मागते, त्यावर कॉन्डो कॉर्पोरेशनचं (आपल्याकडच्या सोसायटीसारखी संस्था) नाव 'अ‍ॅडिशनल इन्शुअर्ड', म्हणजे तुमच्या विम्याचं संरक्षण मिळणारा आणखी एक पक्ष, म्हणून हवं असतं. ते नसलं तर सामानाची लिफ्ट मिळत नाही, म्हणजे कामच गेलं. शिवाय 10 चे 20 लाख केले म्हणून हप्ता दुप्पट होत नाही. बहुतेक क्लेम खालच्या थरातच संपतात, त्यामुळे वरचा थर स्वस्त पडतो. 50 लाखांचं लिमिट मात्र एखादं मोठं कंत्राट तसं मागेल तेव्हाच घ्या. पॉलिसीवर दोन आकडे असतात, एका घटनेमागचा आणि वर्षभराचा एकूण. दोन्ही बघा.

गाडीचा विमा पूर्णपणे वेगळा. ओंटारिओत कायद्याने किमान थर्ड पार्टी 2 लाख डॉलर आहे. 401 हायवेवर ट्रेलरमधून गादी उडून मागच्या गाडीवर पडली तर त्या रकमेत काहीच भागत नाही. इथेही 20 लाख घ्या, आणि पॉलिसी कमर्शियल वापराची हवी. घरगुती पॉलिसीवर धंदा केलात तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. जमलं तर दोन्ही विमे एकाच कंपनीकडे ठेवा. माल चढवता-उतरवताना झालेलं नुकसान गाडीच्या विम्यात बसतं की लायबिलिटीच्या, यावर दोन कंपन्या भांडत बसल्या की तुमचे पैसे मध्ये अडकतात.

लिमिट कितीही मोठं असलं तरी वगळलेल्या गोष्टींना ते लागू होत नाही. पॉलिसीत सहसा प्रदूषण वगळलेलं असतं: फ्रिजमधला वायू, रंगाचे डबे, सांडलेलं तेल. 1990 पूर्वीच्या घरातल्या माळ्यावरच्या इन्सुलेशनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तिथे हातच घालू नका. गिऱ्हाइकाची जी वस्तू तुमच्या ताब्यात आहे तिचं नुकसानही बहुधा वगळतात. ठेवायची कपाटं चुकून टाकून दिलीत तर कोणी भरून देत नाही. आणि ब्रोकरला कामाचं वर्णन खरं द्या. शेड पाडणार, हॉट टब कापणार असाल तर तसं लिहून द्या. हप्ता वाढेल, वाढू द्या. ब्रोकर 'रिबो'कडे (ओंटारिओतल्या विमा ब्रोकरांची नियामक संस्था) नोंदलेला आहे ना, तेही बघून घ्या.

मदतीला पोरगा ठेवलात की 10 दिवसांच्या आत डब्ल्यूएसआयबीकडे (कामावर दुखापत झालेल्या कामगारांना भरपाई देणारं ओंटारिओचं मंडळ) नोंदणी करावी लागते. रोख देऊन काम करून घेणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. त्या पोराची पाठ गेली की लायबिलिटी पॉलिसी उपयोगी पडत नाही, कारण कामगाराची दुखापत तिच्या बाहेर असते. मालक म्हणून तुमची स्वतःची पाठही आपोआप संरक्षित नसते. त्यासाठी वेगळं ऐच्छिक कव्हर घ्यावं लागतं, आणि या धंद्यात ते घ्याच.

डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आधी तुम्ही स्वतः भरायची रक्कम, 1,000 पेक्षा 2,500 डॉलर बरं. भिंतीवरच्या ओरखड्यांचे पैसे खिशातूनच द्यायचे असतात, त्यासाठी क्लेम करून पुढचा हप्ता वाढवून घेऊ नये.

आणि निघण्याआधी आरटीओकडून लायसन्स किती वर्षांचं आहे याचं अधिकृत पत्र घ्या. 'जी' लायसन्सच्या (ओंटारिओचं गाडी चालवायचं पूर्ण लायसन्स) परीक्षेला जुना अनुभव धरण्यासाठी ते लागतं. तरीही नव्याने आलेल्याचा कमर्शियल गाडीचा हप्ता जबर असतो. त्यामुळे पिकअप विकत घेण्याआधी तिच्या विम्याचं कोटेशन मागवा. कित्येकांचं गणित लायबिलिटीवर नाही, या गाडीच्या हप्त्यावर कोसळतं.