नवीन वायपर बसवूनही काचेवर थडथड होत असेल आणि रेघा राहत असतील, तर कोणते ब्लेड घ्यावे?

आपण विचारले आहे की, साताऱ्याहून आठवड्यातून दोन-तीनदा महाबळेश्वरला जावे लागते, दोन महिन्यांपूर्वीच महागाचे फ्रेमलेस (बाहेरून धातूचा सांगाडा नसलेले) ब्लेड बसवले, तरीही वायपर थडथडत चालतो आणि काचेवर रेघा राहतात, तेव्हा आता कोणत्या कंपनीचे ब्लेड घ्यावे. गाडी दर रविवारी वॉशिंग सेंटरवर पॉलिशसह धुऊन घेतो, असेही आपण शेवटी लिहिले आहे. मला वाटते, आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. ब्लेडसाठी पुन्हा पैसे खर्च करण्याआधी काच तपासावी, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

मी गेली अकरा वर्षे नोकरीसाठी साताऱ्याहून मेढ्याला रोज जा-ये करतो, आणि कामानिमित्त अधूनमधून केळघर घाट चढून महाबळेश्वरलाही जातो. आपल्या जिल्ह्यात पावसाचा फरक किती मोठा आहे, हे आपण जाणताच: महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील माण-खटावला तो 500 मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे माणमधल्या दहिवडीच्या माणसाचे ब्लेड दोन वर्षे टिकले म्हणून ते आपलेही टिकेल, असे धरून चालता येत नाही. मी एकदा घड्याळ लावून मोजले, तेव्हा माझ्या गाडीचा वायपर संथ गतीवर मिनिटाला 44 फेऱ्या करीत होता. म्हणजे पाऊण तासाच्या एका प्रवासात जवळजवळ 2000 फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीत रबराची कड दोनदा कूस बदलते.

ही कूस बदलणेच सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. काचेला टेकणाऱ्या रबराच्या कडेची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी असते. वायपर वर जाताना ही कड किंचित खाली कलंडलेली असते, म्हणजे ती काचेवरून ओढली जाते, ढकलली जात नाही. वायपर परत फिरताना तिने झटकन दुसऱ्या बाजूला कलंडले पाहिजे. ती कलंडली नाही, तर रबर काचेवर ढकलले जाते, अडखळते, उडी मारते, पुन्हा अडखळते, आणि आपल्याला ऐकू येणारी थडथड ती हीच. कड न कलंडण्याची कारणे मुख्यतः तीन असतात: काचेवर मेणाचा किंवा तेलाचा थर असणे, वायपरच्या आर्मला, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या दांडीला, पीळ पडून ब्लेड तिरपे टेकणे, किंवा उन्हाने रबर कडक होऊन एकाच बाजूला वाकलेले राहणे. यांपैकी ब्लेड बदलून सुटणारे कारण फक्त तिसरे आहे.

यांतले आपले कारण कोणते, हे ओळखण्यासाठी गॅरेजला जाण्याची गरज नाही. थडथड वर जाताना आणि खाली येताना, दोन्ही वेळा होत असेल, तर संशय काचेवर घ्यावा. एकाच दिशेने होत असेल, तर आर्मच्या कोनावर किंवा रबराला बसलेल्या वाकावर घ्यावा. दरवेळी त्याच जागी एक बारीक रेघ राहत असेल, तर तेथे रबराला चीर गेलेली असते किंवा वाळूचा कण रुतलेला असतो. चार बोटे रुंदीचा पट्टाच पुसला जात नसेल, तर तेथे ब्लेडचा दाब पोहोचत नाही. आणि वायपर फिरून गेल्यावर क्षणभर दुधासारखी साय दिसून विरत असेल, समोरच्या ट्रकच्या दिव्यात ती अधिकच चमकत असेल, तर तो काचेवरचा चिकट थर असतो, त्यात ब्लेडचा काहीही दोष नसतो.

हा थर आपल्याकडे बारा महिने बसत असतो. वॉशिंग सेंटरवर वापरतात त्या चकाकी देणाऱ्या शाम्पूत आणि पॉलिशमध्ये बहुतेक वेळा मेण किंवा सिलिकॉन असते. पत्र्यासाठी ते उत्तम, परंतु तोच ओला कपडा काचेवरून फिरवला की वायपरचे काम बिघडते. त्याखेरीज गळीत हंगामात कोरेगाव-कराडकडे गेल्यास पाचट जाळल्याची काजळी काचेवर येऊन बसते. माघ-फाल्गुनात आंब्याला मोहोर येतो, तेव्हा झाडाखाली गाडी लावली, तर मोहोरावरच्या तुडतुड्यांचा चिकट स्राव बारीक थेंबांनी काचेवर पडतो, आणि तो नुसत्या पाण्याने निघत नाही. माझ्या घरासमोर आंबाच असल्यामुळे हे मी दरवर्षी पाहतो. पहिल्या पावसात रस्त्यावरचे डिझेल-ऑइल पुढच्या गाडीच्या चाकांतून उडून यात भर घालते.

काच स्वच्छ करण्यासाठी गाडी सावलीत उभी करावी, काच थंड होऊ द्यावी आणि प्रथम भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी. त्यानंतर भांडी घासण्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब बादलीभर पाण्यात घालून मऊ कपड्याने काच धुवावी, साबणाचा अंश राहणार नाही अशी दोन-तीनदा विसळावी, आणि वाळल्यावर औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कपड्यावर घेऊन ती पुन्हा पुसावी. मग काचेवर तांब्याभर पाणी सोडून पाहावे. पाणी सलग पसरत खाली गेले, तर काच स्वच्छ झाली. थेंब-थेंब होऊन थांबले, तर थर अजून शिल्लक आहे. काचेवर पाणी न ठरू देणारे कोटिंग मुद्दाम करून घेतले असेल, तर मात्र ही खूण लागू पडत नाही, आणि अशा कोटिंगवर रिमझिम पावसात वायपर थोडा थडथडतो, हेही ध्यानात ठेवावे.

काच झाली की रबराकडे वळावे. ओला सुती कपडा दुमडून त्याच्या चिमटीत रबराची कड धरावी आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हलकेच ओढत न्यावी. पहिल्या खेपेला कपड्यावर डांबरासारखी काळी रेघ उमटते, तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती फिकट होते. कपडा जवळपास स्वच्छ निघाला, की कडेवर बोट फिरवून खाच लागते का ते पाहावे. रॉकेल, डिझेल किंवा खोबरेल तेल रबराला अजिबात लावू नये. पहिल्या दोहोंनी रबर फुगते, आणि खोबरेलाने काचेवर आणखी एक थर चढतो. काही जण कड पॉलिश पेपरने घासून घेतात. त्याने आठ दिवस बरे वाटते, पण कडेवरचा घर्षण कमी करणारा लेप निघून जातो आणि मग ते ब्लेड संपलेच.

एवढे करूनही एका दिशेची थडथड राहिली, तर हलक्या पावसात किंवा काच ओली करून वायपर मधोमध असताना चावी बंद करावी आणि बाजूने पाहावे. ब्लेड काचेला काटकोनात टेकलेले दिसले पाहिजे. ते एका अंगाला झुकलेले असेल, तर आर्म पिळला गेला आहे, आणि तो दोन पान्यांनी सरळ करणे हे अनुभवी मेकॅनिकचेच काम आहे.

आता निवडीविषयी. कंपनीच्या नावापेक्षा माप आणि हुक यांना मी अधिक महत्त्व देतो. ब्लेडची लांबी इंचांत असते, आणि दोन्ही बाजूंची मापे बहुधा निरनिराळी असतात. माझ्या गाडीला चालकाच्या बाजूला 22 आणि डावीकडे 18 इंची लागते. एक इंच जास्त घेतले, तर जास्त काच पुसली जाईल, हा समज चुकीचा आहे, कारण तसे ब्लेड दुसऱ्या ब्लेडवर किंवा काचेच्या चौकटीवर आदळते. आर्मच्या टोकाला उलटा हुक आहे, बाजूची पिन आहे की दाबायचे बटण आहे, याचा मोबाइलवर फोटो काढून दुकानात दाखवावा. फ्रेमच्या जुन्या पद्धतीच्या ब्लेडमध्ये दाब सहा-आठ ठिकाणी वाटला जातो. ते काचेच्या वळणाशी जुळवून घेते आणि काहींचे नुसते रबर बदलता येते, परंतु कासकडच्या तांबड्या चिखलाने त्याचे सांधे अडकतात आणि गंजतात. फ्रेमलेस ब्लेडला सांधे नसतात आणि हायवेच्या वेगात ते वाऱ्याने कमी उचलले जाते. मात्र त्यातील पोलादी पट्टीची वक्रता आपल्या काचेशी जुळलीच पाहिजे, नाहीतर टोके अधांतरी राहतात. आपल्यासारख्या घाटात जाणाऱ्याने योग्य मापाचे फ्रेमलेसच ठेवावे, असे माझे मत आहे. सिलिकॉनचे ब्लेड जास्त टिकते आणि महागही असते; काच नीट स्वच्छ केल्याशिवाय ते बसवण्यात अर्थ नाही. नव्या ब्लेडच्या कडेवर प्लास्टिकची संरक्षक पट्टी असते, ती काढायची असते, हे दुकानदार नेहमी सांगतोच असे नाही.

बसवताना एक काळजी घ्यावी, ती मला फार महागात पडली म्हणून सांगतो. जुने ब्लेड काढून मी नवे ब्लेड पाकिटातून काढत होतो, तेवढ्यात उभा केलेला उघडा आर्म स्प्रिंगच्या जोराने सुटला आणि लोखंडी टोक काचेवर बसले. प्रथम मुगाएवढा पांढरा ठिपका दिसला, आणि संध्याकाळपर्यंत त्यातून वीतभर तडा वर गेला. पूर्ण काच बदलावी लागली. त्या दिवसापासून आर्म उचलण्याआधी मी जाड टॉवेलची चार पदरी घडी काचेवर ठेवतो. आर्म उचललेला असताना बॉनेट उघडू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

कोरड्या, धुळकट काचेवर वायपर कधीही चालवू नये. आधी फवारा सोडावा, मग वायपर फिरवावा. नाहीतर रबराखाली सापडलेले कण काचेवर कायमचे कमानदार ओरखडे काढतात आणि ते कोणत्याही नव्या ब्लेडने जात नाहीत. फवाऱ्याच्या डब्यात बोअरचे जड पाणी भरल्यास क्षाराने नोझल बुजते, कपड्यांची पावडर टाकल्यास तळाशी गाळ बसतो. फिल्टरचे पाणी आणि वॉशरचे लिक्विड पुरेसे आहे. उन्हाळ्यात गाडी महिनोन् महिने न वापरता उन्हात राहिली, तर रबराची कड एकाच बाजूला वाकून बसते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी पाणी मारून वायपर दोन-चार फेऱ्या फिरवावा.

केळघर घाटात धुक्यात काच पांढरी झाली, तर प्रथम आतून बोट फिरवून पाहावे. बोटाची रेघ उमटली, तर ती आतली वाफ आहे; एसी सुरू करून हवा काचेकडे वळवावी आणि बाहेरची हवा आत घेण्याची कळ ठेवावी. वायपरची गती वाढवून तेथे काही होत नाही.

आपले ब्लेड दोन महिन्यांचेच आहे, तेव्हा येत्या रविवारी पॉलिश न करता वर सांगितल्याप्रमाणे काच धुऊन पाहावी. त्यानंतर रोज घाटात जाणाऱ्याने वर्षातून एकदा, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही ब्लेड बदलावीत. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की दुकानांत गर्दी होते, हवे ते माप मिळत नाही, आणि मिळेल ते बसवून घ्यावे लागते.